पुरुषांच्या संघाला बाई प्रशिक्षक का नको?

फुटबॉलचा वर्ल्ड कप सुरू झाला की आपल्या वस्त्यांतून रात्ररात्र टीव्ही चालू राहतात. सकाळच्या पाळीला जायचे असले तरी तरुण मुले डोळे चोळत बसून राहतात. मैदानावर बावीस खेळाडू धावत असतात. रेषेच्या बाहेर एक माणूस उभा असतो. तो हातवारे करतो, ओरडतो, एकाला आत पाठवतो, दुसऱ्याला बाहेर बोलावतो. हा त्या संघाचा मुख्य प्रशिक्षक. इंग्लंडात त्याला मॅनेजर म्हणतात. संघ जिंकला तर त्याच्या गळ्यात हार पडतात आणि हरला तर पहिली नोकरी त्याचीच जाते.

पुरुषांच्या वर्ल्ड कपमध्ये २०२२ पर्यंत एकाही देशाच्या संघाची मुख्य प्रशिक्षक बाई नव्हती. मग चर्चा निघते. पुरुषांचा व्यावसायिक संघ बाईला सांभाळता येईल का? लाखोंनी पगार घेणारे धटिंगण खेळाडू तिचे ऐकतील का? तिला त्या खेळातले काय कळणार?

आमच्या मते हा प्रश्नच चुकीच्या जागी उभा आहे. जमेल का, याचे उत्तर मैदानाने केव्हाच दिलेले आहे. खरा प्रश्न वेगळाच आहे. तिला खुर्ची दिल्यावर त्या खुर्चीचा अधिकारही देणार का? गेल्या पंचवीस वर्षांतली उदाहरणे पाहिली म्हणजे हे स्पष्ट होते.

काम पायाचे नाही, डोक्याचे

प्रथम प्रशिक्षकाचे काम काय ते पाहू. रोजचा सराव आखणे, समोरच्या संघाचे खेळ बघून त्यांच्या खोडी हेरणे, अकरा जण निवडणे, नव्वद मिनिटांत केव्हा कोणाला बदलायचे ते ठरवणे. एखाद्याचा गुडघा दुखावला आहे, एखाद्याच्या घरी आजारपण आहे, एखादा बाकावर बसून कुढतो आहे, या सगळ्यांना सांभाळून घेणे. मालकाकडून नव्या खेळाडूसाठी पैसे मागणे आणि हरल्यावर पत्रकारांना तोंड देणे. यात कोठे मिशी लागते, कोठे दंडाचे बळ लागते, हे कोणी आम्हाला दाखवून द्यावे.

लोक म्हणतात, जो पुरुषांच्या मोठ्या संघात खेळला नाही त्याने त्या संघाला काय शिकवावे? इटलीच्या अरिगो साकी यांचे उदाहरण घ्या. ते कधीही व्यावसायिक फुटबॉल खेळले नव्हते. जोडे विकण्याचा धंदा करत होते. त्यांना मिलान या बड्या क्लबचे प्रशिक्षक नेमले तेव्हा इटलीतल्या पत्रकारांनी अशीच हेटाळणी केली. साकी यांचे उत्तर प्रसिद्ध आहे. घोडेस्वार व्हायचे तर आधी घोडा असावे लागते हे आपल्याला ठाऊक नव्हते, असे ते म्हणाले. पुढे १९८९ आणि १९९० अशी लागोपाठ दोन वर्षे त्यांच्या मिलानने युरोपियन कप जिंकला. पोर्तुगालचे जोझे मोरिन्यो हेही मोठे खेळाडू नव्हते. बॉबी रॉबसन या इंग्रज प्रशिक्षकाचे दुभाषी म्हणून ते मोठ्या क्लबांत शिरले आणि २००४ साली पोर्तो, तर २०१० साली इंटर मिलान या संघांना त्यांनी युरोपचे अजिंक्यपद मिळवून दिले.

म्हणजे न खेळलेला पुरुष चालतो. त्याला हुशार म्हणतात. मग देशासाठी शंभरावर सामने खेळलेली बाई समोर आली की तिला खेळातले काय कळते, हा प्रश्न कोठून येतो?

आधी दार बंद केले, मग विचारले आत का नाहीस

याचे मूळ जुने आहे आणि ते कष्टकऱ्यांच्या घरांनी समजून घेण्यासारखे आहे. पहिल्या महायुद्धात पुरुष आघाडीवर गेले तेव्हा इंग्लंडच्या कारखान्यांत बायका तोफगोळे बनवू लागल्या. प्रेस्टन गावातल्या डिक, कर या कारखान्यातल्या कामगार मुलींनी १९१७ साली आपला फुटबॉल संघ काढला. जखमी सैनिकांच्या इस्पितळासाठी त्या सामने खेळून पैसा उभा करत. २६ डिसेंबर १९२० रोजी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्क मैदानावर त्यांचा सामना पाहायला ५३ हजार लोक आले. पुढच्या वर्षी खाणमालकांनी खाणींना टाळे लावले, तेव्हा उपाशी पडलेल्या खाण कामगारांच्या कुटुंबांसाठीही बायकांच्या संघांनी सामने केले.

मग ५ डिसेंबर १९२१ रोजी इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने ठराव केला. हा खेळ बायकांना शोभत नाही, त्याला उत्तेजन देऊ नये आणि संलग्न क्लबांनी आपली मैदाने त्यांना देऊ नयेत, असा तो ठराव होता. ही बंदी सुमारे पन्नास वर्षे टिकली. जर्मनीच्या महासंघाने १९५५ ते १९७० अशी बंदी घातली. ब्राझीलमध्ये तर १९४१ साली सरकारी हुकूम निघाला आणि तो १९७९ पर्यंत चालला.

पन्नास वर्षे मैदान नाही म्हणजे खेळाडू नाहीत, क्लब नाहीत, पैसा नाही आणि प्रशिक्षकही नाहीत. एवढे झाल्यावर तेच लोक शांतपणे विचारतात, अनुभवी बाई आहे कोठे? विहिरीवर येऊ द्यायचे नाही आणि घागर रिकामी का म्हणून विचारायचे, अशातला हा प्रकार. पात्र माणूस मिळत नाही, हे वाक्य आपल्या वाचकांनी नोकरीच्या दारात पुष्कळदा ऐकलेले आहे. त्याचा अर्थ काय असतो हे त्यांना वेगळे सांगायला नको.

आजही प्रशिक्षक होण्यासाठी परीक्षांची शिडी चढावी लागते. सी, बी, ए आणि शेवटी प्रो असे परवाने असतात. वरच्या परवान्याच्या वर्गात प्रवेश हवा तर साधारणपणे वरच्या दर्जाच्या संघात काम करत असावे लागते, आणि तसे काम हवे तर परवाना लागतो. या फेऱ्यातून ज्याची ओळख असते तो लवकर सुटतो. क्लबांचे मालक आणि अध्यक्ष बहुतेक पुरुष, त्यांच्या ओळखीचे जुने खेळाडूही पुरुष. त्यामुळे एक प्रशिक्षक गेला की दुसरा त्याच गोतावळ्यातून येतो.

खुर्ची होती, अधिकार नव्हता

इटलीच्या कॅरोलिना मोराचे यांनी आपल्या देशासाठी दीडशेवर सामने खेळून शंभरावर गोल केले. शिक्षणाने त्या वकील. १९९९ साली वितेर्बेसे या तिसऱ्या श्रेणीच्या पुरुष व्यावसायिक क्लबने त्यांना प्रशिक्षक नेमले. जगभर बातमी झाली. पण अवघ्या दोन सामन्यांनंतर मोराचे यांनी राजीनामा दिला. कारण क्लबचे अध्यक्ष लुचानो गाउच्ची त्यांच्या कामात ढवळाढवळ करू लागले होते.

पंधरा वर्षांनी हीच कथा फ्रान्समध्ये घडली. २०१४ च्या मे महिन्यात दुसऱ्या श्रेणीतल्या क्लेरमाँ या क्लबने पोर्तुगालच्या हेलेना कोस्टा यांची नेमणूक जाहीर केली. फोटो निघाले, मुलाखती झाल्या. जूनमध्ये मोसमाचे काम सुरू होण्याच्या वेळीच कोस्टा यांनी पद सोडले. मला न विचारता खेळाडू घेतले जातात, माझ्या पत्रांना उत्तर मिळत नाही, मी केवळ दाखवण्यापुरती आहे, अशी त्यांची तक्रार होती.

आपल्या गावांत बाई सरपंच होते आणि शिक्का मात्र नवऱ्याच्या खिशात राहतो, हे आपण पाहिले आहे. खुर्चीवर तिचे नाव, कारभार दुसऱ्याचा. पुढे काम बिघडले तर बोल मात्र तिलाच. मोराचे आणि कोस्टा यांनी असला कारभार नाकारला. अनेकांनी तेव्हा म्हटले, बघा, बाईला झेपले नाही. आम्ही म्हणतो, नामधारी राहण्यापेक्षा त्यांनी स्वाभिमानाने राजीनामा दिला.

अधिकार मिळाला तेव्हा काय झाले

कोस्टा गेल्यावर त्याच क्लेरमाँ क्लबने कोरिन दियाक्र या फ्रेंच बाईंना नेमले. त्या फ्रान्सकडून १२१ सामने खेळलेल्या. ऑगस्ट २०१४ मध्ये त्यांचा पहिला सामना ब्रेस्टविरुद्ध झाला आणि क्लेरमाँ तो १-२ असा हरला. एखाद्या घाईच्या मालकाने तेथेच निकाल लावला असता. पण क्लबने त्यांना काम करू दिले. वीस संघांच्या त्या स्पर्धेत क्लेरमाँ पहिल्या मोसमात बारावा, दुसऱ्यात सातवा आणि तिसऱ्यात पुन्हा बारावा आला. मोठ्या पैशाचा हा क्लब नव्हे. दियाक्र तेथे तीन मोसम टिकल्या आणि २०१७ साली फ्रान्सच्या महिला राष्ट्रीय संघाचे पद स्वीकारण्यासाठी स्वतःहून गेल्या. ज्या धंद्यात प्रशिक्षक वर्षभरात घरी पाठवले जातात, त्यात तीन मोसम टिकणे सोपे नाही.

हाँगकाँगची गोष्ट त्याहून मोठी. ईस्टर्न या क्लबचे प्रशिक्षक डिसेंबर २०१५ मध्ये मोसमाच्या मध्यावर दुसरीकडे गेले. त्यांच्या जागी चान युएन-तिंग यांना नेमण्यात आले. त्या वेळी त्यांचे वय अवघे २७ वर्षे. संघातले काही खेळाडू त्यांच्याहून वयाने मोठे होते. मोसम संपला तेव्हा ईस्टर्न हाँगकाँगच्या सर्वोच्च लीगचा विजेता होता, आणि तोही २१ वर्षांनंतर. देशाच्या पहिल्या श्रेणीच्या पुरुष व्यावसायिक लीगचे अजिंक्यपद संघाला मिळवून देणाऱ्या जगातल्या पहिल्या महिला प्रशिक्षक म्हणून गिनीज बुकात त्यांची नोंद झाली.

पुढच्या वर्षी, २०१७ साली, त्यांचा संघ आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये उतरला. पहिलाच सामना चीनच्या ग्वांगझो एव्हरग्रांड या गडगंज क्लबशी. समोर प्रशिक्षक होते लुईस फेलिपे स्कोलारी, ज्यांनी २००२ साली ब्राझीलला वर्ल्ड कप जिंकून दिला होता. ईस्टर्न ०-७ असा हरला. आम्ही हा पराभव मुद्दाम सांगतो आहोत. पराभव सगळ्यांच्याच वाट्याला येतो, आणि गरीब संघ श्रीमंत संघाशी खेळतो तेव्हा तो मोठाही होतो. पुरुष प्रशिक्षकांचे संघही सात गोलांनी हरलेले आहेत. तेवढ्यावरून पुरुषांना फुटबॉल जमत नाही, असा निष्कर्ष कोणी काढलेला नाही.

जर्मनीत सबरिना विटमान यांना मे २०२४ मध्ये तिसऱ्या श्रेणीच्या इंगोलश्टाट क्लबने मोसमातल्या अखेरच्या काही सामन्यांपुरते नेमले. त्याआधी त्या तेथेच १९ वर्षांखालील मुलांचा संघ सांभाळत होत्या. काम पाहून क्लबने त्यांना कायम केले. त्याच वर्षी जानेवारीत बर्लिनच्या युनियन क्लबचे मुख्य प्रशिक्षक शिक्षेमुळे मैदानाबाहेर होते. तेव्हा सहायक प्रशिक्षक मारी-लुईझ एटा यांनी रेषेवर उभे राहून जर्मनीच्या पहिल्या श्रेणीचा सामना सांभाळला. डार्मश्टाटविरुद्धचा तो सामना युनियनने १-० असा जिंकला.

इंग्लंडात जुलै २०२३ मध्ये फॉरेस्ट ग्रीन रोव्हर्स या क्लबने हॅना डिंगली यांना हंगामी पद दिले. त्यांच्याकडे सर्वांत वरचा प्रो परवाना होता. २०१९ पासून त्या क्लबची मुलांची अकादमी चालवत होत्या. एक मैत्रीपूर्ण सामना झाला, काही दिवस गेले आणि कायमच्या जागी एका पुरुषाची नेमणूक झाली. क्लबने कोणाला नेमावे हा त्याचा अधिकार आहे. पण ‘हंगामी’ हा शब्द बायकांच्या वाट्याला किती वेळा येतो हेही पाहावे.

कपडे बदलण्याच्या खोलीचे काय?

सगळे युक्तिवाद संपले की शेवटी ड्रेसिंग रूमचा मुद्दा येतो. खेळाडू कपडे बदलतात तेथे बाई कशी जाणार? हा प्रश्न विचारणाऱ्यांनी सरकारी इस्पितळातल्या पुरुषांच्या वॉर्डात एकदा जाऊन यावे. तेथे आपल्याच घरातल्या परिचारिका भगिनी रात्रपाळी करतात, पुरुष रुग्णांना अंघोळ घालतात, जखमा धुतात. तेव्हा कोणाची लाज आडवी येत नाही. कामाच्या ठिकाणी काम पाहायचे असते. दारावर टकटक करून पाच मिनिटे थांबले की हा मोठा प्रश्न सुटतो.

राहिला आज्ञेचा प्रश्न. मैदानावर बाईचा शब्द पुरुष ऐकतील का? पंचाकडे पाहा. फ्रान्सच्या स्टेफनी फ्रापार यांनी २०१९ साली लिव्हरपूल आणि चेल्सी यांच्यातला युरोपियन सुपर कपचा सामना चालवला. १ डिसेंबर २०२२ रोजी कतारच्या वर्ल्ड कपमध्ये जर्मनी आणि कोस्टारिका हा सामनाही त्यांच्याच शिट्टीवर खेळला गेला. त्यांच्या सोबतच्या दोन्ही सहायक पंच बायकाच होत्या. जगातले नावाजलेले खेळाडू त्यांनी शिट्टी वाजवली की थांबत होते. शिट्टीमागे नियमांचे बळ असले की ती कोणाच्या हातात आहे हे महत्त्वाचे राहत नाही.

उलटा प्रश्न कोणी विचारत नाही

आता एक गंमत पाहा. २०२३ सालच्या महिलांच्या वर्ल्ड कपमध्ये ३२ संघ होते. त्यांतल्या १२ संघांच्या मुख्य प्रशिक्षक बायका होत्या. उरलेल्या २० संघांचे प्रशिक्षक पुरुष. पुरुषाला बायकांचा संघ जमेल का, असा लेख कोणी लिहिला नाही. त्यांच्या खोलीत हा कसा जाणार, असेही कोणी विचारले नाही.

इंग्लंडच्या एमा हेस यांच्याबद्दल २०२१ साली बातमी आली की विम्बल्डन या पुरुषांच्या तिसऱ्या श्रेणीच्या क्लबला त्या हव्या आहेत. तेव्हा त्या चेल्सीच्या महिला संघाच्या प्रशिक्षक होत्या आणि एकामागून एक अजिंक्यपदे जिंकत होत्या. लोक म्हणाले, ही तर त्यांना बढतीच. हेस यांनी हे म्हणणे साफ झिडकारले. जगातल्या उत्तम महिला खेळाडूंना सोडून पुरुषांच्या तिसऱ्या श्रेणीत जाणे म्हणजे बढती, हे मानणे त्या खेळाडूंचा अपमान आहे, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे त्या अमेरिकेच्या महिला संघाकडे गेल्या आणि २०२४ साली पॅरिस ऑलिम्पिकमध्ये त्या संघाने सुवर्णपदक मिळवले. म्हणून आम्हीही सांगतो, पुरुषांचा संघ सांभाळला तरच बाई मोठी, असे नाही. मात्र ज्या बाईला ते काम हवे आहे तिची वाट अडवण्याचा हक्क कोणालाही नाही.

बाई प्रशिक्षक झाली की सगळे आलबेल होते, असेही आम्ही म्हणत नाही. वर उल्लेख केलेल्या कोरिन दियाक्र यांना मार्च २०२३ मध्ये फ्रान्सच्या महिला संघावरून दूर करण्यात आले. कर्णधार वेंडी रेनार यांच्यासह काही प्रमुख खेळाडूंनी त्या वातावरणात खेळण्यास नकार दिला होता. बाईही कठोर असू शकते, बाईचेही चुकू शकते. पण पुरुष चुकला तर तो एकटा चुकतो आणि बाई चुकली तर सगळी बाईजात चुकली असे ठरते. हा दुहेरी माप मोडला पाहिजे. चुकण्याचा आणि पुन्हा उभे राहण्याचा हक्क ज्याला नाही, त्याला समान संधी मिळाली असे म्हणता येत नाही.

आपल्या अंगणात

आपल्याकडेही या वाटेवर चालणाऱ्या बायका आहेत. कोल्हापूर जिल्ह्यातल्या गडहिंग्लज भागातून आलेल्या अंजू तुरंबेकर यांनी आशियाई महासंघाचा ए परवाना मिळवला, अखिल भारतीय फुटबॉल महासंघात लहान मुलांच्या फुटबॉलचे काम पाहिले आणि गोव्याच्या डेम्पो या नामांकित क्लबमध्ये युवा विभागाची धुरा घेतली. गोव्याच्याच माजी खेळाडू मेमोल रॉकी २०१७ साली भारताच्या महिला संघाच्या मुख्य प्रशिक्षक झाल्या. त्या पदावर आलेल्या त्या पहिल्या महिला. बायकांच्याच संघाला बाई प्रशिक्षक मिळायला २०१७ साल उजाडले, तर पुरुषांच्या संघाला किती वेळ लागेल याचा अंदाज करावा.

ही वाट क्लबच्या कचेरीत सुरू होत नाही, ती आपल्या घरात सुरू होते. मुलगी दहा-बारा वर्षांची झाली की आपण तिला मैदानावरून घरात बोलावतो. भाऊ खेळत राहतो, ती भांड्याला लागते. पुढे मोठे झाल्यावर भावाला खेळातले कळते आणि तिला कळत नाही, यात नवल काय? खेळून मोठे नाव झाले नाही तरी पंचाची परीक्षा आहे, प्रशिक्षकाचे परवाने आहेत, शाळेतल्या क्रीडाशिक्षकाची नोकरी आहे. मुलगी हुशार असेल, चार पोरांना गोळा करून डाव मांडणारी असेल, तर तिच्यातला हा गुण ओळखावा. वस्तीतल्या मुलांच्या संघाची शिट्टी एकदा तिच्या हाती द्यावी. आणि शिट्टी दिल्यावर मागे उभे राहून सूचना करू नयेत. अकरा जण तिने निवडावेत, हरली तर पुढच्या रविवारी पुन्हा तिनेच निवडावेत.

मोराचे आणि कोस्टा यांना हेच नाकारले गेले, दियाक्र आणि चान यांना हेच मिळाले. दोन्हींचा निकाल आपल्यासमोर आहे.